‘सी थ्रू’ : शब्द तोच, जागा निराळी

आम्ही मूळचे इतिहासाचे शिक्षक. परंतु वसतिगृहाच्या सायंकालीन अभ्यासिकेत इंग्रजीही शिकवावे लागे. एकदा दहावीतील एका विद्यार्थ्याने आईवरील निबंधात लिहिले, ‘माय मदर सॉ थ्रू मी.’ आईने ऊसतोडीची मजुरी करून आपले शिक्षण निभावून नेले, असे त्यास म्हणावयाचे होते. अर्थ मात्र निघाला : आईने माझे सोंग ओळखले! आम्हांस हसू आले आणि त्याची मान खाली गेली. ते हसू आम्हांस आजही सलते.

‘सी’ म्हणजे पाहणे, ‘थ्रू’ म्हणजे आरपार. काचेतून पलीकडचे दिसावे, तसा गोड बोलण्यामागील हेतू दिसणे, हा या क्रियापदाचा एक अर्थ. ‘वुई सॉ थ्रू हिज प्रॉमिसेस’ म्हणजे त्याच्या आश्वासनांतील पोकळपणा आम्ही ओळखला. (निवडणुकीच्या दिवसांत हे वाक्य फार उपयोगी पडते.) या अर्थी ‘थ्रू’ हा शब्द कर्माच्या आधीच येतो, कर्म नाम असो वा सर्वनाम.

तोच शब्द कर्मानंतर ठेवला, की पाहण्याचा अर्थ जवळजवळ मावळतो. ‘सी द वर्क थ्रू’ म्हणजे काम तडीस नेणे. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे कठीण काळातून त्यास पार नेणे. म्हणून त्या विद्यार्थ्याने ‘सॉ मी थ्रू’ असे लिहावयास हवे होते. संयोगचिन्ह देऊन लिहिलेला ‘सी-थ्रू’ हा शब्द निराळा. तो पारदर्शक कापडासारख्या वस्तूंचे विशेषण होय.

मराठी मुलास ही जागेची बाब सहसा खटकत नाही. ‘आईने मुलाला सांभाळले’ म्हणा की ‘मुलाला आईने सांभाळले’ म्हणा, कोणी कोणास सांभाळले याविषयी संशय राहत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय आपापल्या शब्दाला धरून असतात. इंग्रजीत ते काम पुष्कळदा शब्दाची जागा करते. आम्ही मुलांकडून अर्थ पाठ करून घेतले होते, जागा शिकविली नव्हती. तेव्हा चूक प्रथम आमची होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून आम्ही फरक समजावून सांगितला. तो विद्यार्थी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग उठून म्हणाला, “सर, पोटदुखीचे निमित्त करून मी शाळा बुडवली, तेव्हा आईने ते लगेच ओळखले होते. मग माझी दोन्ही वाक्ये बरोबर ना?”

आम्ही त्याच्या वहीत दोन्हींपुढे बरोबरची खूण केली.