किरणोपचार-संशोधनाची मुंबईतील वाटचाल

भारतातील कर्करोग-संशोधनाचा मागोवा घेताना 1963 या वर्षापाशी थांबावे लागते, कारण त्या वर्षी डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’ हे नियतकालिक निघाले आणि इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत लोकसंख्याधारित नोंदणीही सुरू केली, म्हणजेच एखाद्या रुग्णालयात येणाऱ्यांचीच नव्हे, तर शहरातील सर्व रहिवाशांमध्ये आढळणाऱ्या रुग्णांची मोजदाद होऊ लागली. येथील आजार कोणता आणि येथील उपचारांनी काय साधले, हे येथेच लिहून ठेवण्याची शिस्त त्यातून रुजली.

या शिस्तीची पूर्वतयारी परळला झाली होती. 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, 1952 मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली संशोधन केंद्र उभे राहिले, 1962 मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि पुढे 1966 मध्ये दोन्ही संस्था टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र झाल्या. त्यामुळे वैद्य, जीवशास्त्रज्ञ आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञ एकाच विभागाच्या छत्राखाली आले.

त्यांच्यापुढचा मूळ प्रश्न जीवशास्त्राचा होता. किरणोत्सर्गामुळे पेशीतील डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहितीचा रेणू, तुटतो. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करतात, कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही, म्हणून रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात तो उपचार एकदम न देता कित्येक आठवडे रोज थोडा थोडा दिला जातो. सिस्प्लॅटिनसारखे औषध सोबत दिल्यास कर्कपेशींची दुरुस्ती आणखी अडते.

हा तर्क गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगात कितपत टिकतो, हे टाटा रुग्णालयाने 2003 ते 2011 या काळात 850 स्त्रियांना सहभागी करून तपासले. 2018 मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ किरणोपचाराने 46 टक्के, तर औषधाची जोड दिल्यावर 54 टक्के होते. पुढे 300 स्त्रियांवरील ‘पार्सर’ चाचणीने जगण्याच्या प्रतीकडे लक्ष वळवले: शस्त्रक्रियेनंतर प्रतिमांच्या आधारे नेमके किरण दिल्यास आतड्यांचा दीर्घकालीन त्रास तीन वर्षांत नेहमीच्या पद्धतीतील 42.4 टक्क्यांऐवजी 21.1 टक्के स्त्रियांनाच झाला.

डहाणूजवळच्या मसोलीहून किंवा तलासरीहून परळला येणाऱ्या स्त्रीसाठी या आकड्यांचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे, कारण शंभराहून अधिक किलोमीटर दूर, मजुरी बुडवून, आठवडेच्या आठवडे उपचार घेतल्यावर तिला घरी परतून पुन्हा संसार आणि शेत सांभाळायचे असते. म्हणून या क्षेत्रातील संशोधनाची थोरवी यंत्रे किती नवी आहेत यावरून नव्हे, तर उपचार संपल्यावर अशी स्त्री किती धडधाकट राहते यावरून ठरवली पाहिजे. आणि पुढच्या संशोधकांनी उपचाराचे दिवस व अंतर कमी करण्याचा प्रश्नही तितक्याच काटेकोरपणे हाती घेतला पाहिजे.