रंगवलेल्या अँटिबॉडीचा माल कसा पारखावा?

आम्ही कापडाच्या व्यापारातली माणसे. रंग पक्का की कच्चा, हा आमचा रोजचा सवाल. पण रंगाचा आणखी एक बाजार आहे. तिथे माल थेंबांच्या हिशेबाने वापरला जातो आणि रंग भलत्या जागी बसला तर नुकसान कापडाच्या ताक्याचे नव्हे, रुग्णाचे होते. हा बाजार म्हणजे चमकत्या रंगाच्या अँटिबॉडीजचा, अर्थात प्रतिपिंडांचा.

पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाचे रेणू असतात. बाहेरचा संदेश ते आत पोहोचवतात. सीडी-४ हा असाच एक रिसेप्टर. रक्तातील मदतनीस टी-पेशींवर तो भरपूर असतो. एड्सचा विषाणू याच दाराने पेशीत शिरतो, हे १९८४ साली सिद्ध झाले. सीडी-४ला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी मिळते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिला रंग जोडावा लागतो. ही युक्ती हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ च्या सुमारास काढली. पुढे १९७५ मध्ये केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तितकी बनवण्याची पद्धत शोधली आणि एकसारखा माल मिळू लागला.

रक्तात हे औषध मिसळून नमुना थोडा वेळ अंधारात ठेवतात. मग यंत्रात पेशी एकामागून एक निळ्या लेसरसमोरून जातात. एफआयटीसी रंग हिरवा चमकतो. लाल शेवाळापासून काढलेला पीई हा रंग नारिंगी-पिवळा आणि अधिक तेजस्वी असतो. म्हणून रिसेप्टर विरळ असेल तिथे पीई घेतात. भरपूर असेल तिथे एफआयटीसीवर काम भागते.

आता खोट कुठे येते ते पाहू. रंग जास्त चढवला तर चमक वाढण्याऐवजी घटते आणि अँटिबॉडीची पकडही ढिली होते. उजेडात ठेवल्यास रंग उडतो. पीईचा माल गोठवला तर खराब होतो. त्याला २ ते ८ अंशांची थंडी लागते. काही पेशी अँटिबॉडीचे शेपूट धरतात, त्यामुळे नको तिथे डाग पडतो. शिवाय मोनोसाइट पेशींवरही थोडे सीडी-४ असते. म्हणून जाणकार दुसऱ्या रंगात सीडी-३ घालतात आणि दोन्ही खुणा असलेल्या पेशीच मोजतात.

या गोष्टी किरकोळ नाहीत. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. भारतात २००४ साली एड्सची औषधे सरकारतर्फे मोफत मिळू लागली, तेव्हा ती कोणाला द्यायची हे ठरवताना २०० हा आकडा मुख्य कसोटी होता. २०१७ पासून आकडा न पाहता सर्वांना औषध देण्याचे धोरण आले. तरी प्रतिकारशक्ती किती ढासळली हे कळण्यासाठी ही मोजणी आजही उपयोगी आहे.

संशोधनातही हीच गत. २००९ मध्ये १९ रिसेप्टरांसाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या ४९ अँटिबॉडीज तपासल्या गेल्या. त्यांतील बहुतेक एकापेक्षा जास्त प्रथिनांना चिकटत होत्या. लेबल एक, माल दुसरा! अशा मालावर उभे राहिलेले निष्कर्ष किती टिकणार?

म्हणून खरेदीदाराने चार गोष्टी पाहाव्यात. ज्या पेशीत तो रिसेप्टरच नाही, तिच्यावर रंग चढतो का? त्याच रंगाची पण निशाणा नसलेली अँटिबॉडी घालून तुलना केली आहे का? नवा लॉट जुन्याशी ताडून पाहिला आहे का? वाटेत थंडी टिकली होती का? आणि बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असे लिहिले असेल, तर तिने रुग्णाचे निदान करू नये.

कापड धुतल्यावर ग्राहकाला रंगाची खोट दिसते. इथे ग्राहकाला आकडा तेवढा दिसतो, रंग दिसत नाही. म्हणून या धंद्यात विकणाऱ्यावर जबाबदारी अधिक.