न केलेला गुणाकार

1977 साली एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत शोधली आणि नंबर थिअरीच्या वर्गाचा नूर पालटला. तोवर हा शौकिनांचा प्रांत. युक्लिडच्या रीतीने मसावि काढायचा, तो मूळच्या दोन संख्यांत मांडून दाखवायचा आणि गुण घ्यायचे. आता त्याच रीतीतून गुप्त किल्ली निघू लागली. कॉम्प्युटरची मुलं वर्गात आली. त्यांना रीत हवी होती, तीही लवकर.

अडखळण्याची जागा मात्र हलली नाही. 3120 च्या सापेक्ष 17 चा व्यस्त, म्हणजे 17 ला जिने गुणून 3120 ने भागलं की बाकी 1 उरते ती संख्या, काढायचा आहे असं समजा. 3120 ला 17 ने भागून बाकी 9, 17 ला 9 ने भागून 8, मग 9 ला 8 ने भागून 1. इथवर सहसा कोणी चुकत नाही. परतीच्या वाटेवर 1 = 2×9 − 17 ही ओळ येते आणि हात शिवशिवतो : बे नवे अठरा. झालं! त्या 9 च्या जागी 3120 − 183×17 घालायचं होतं. तो 9 च गडप.

1996 च्या अभ्यासात कॅनडातल्या रीना झाझकिस आणि स्टीफन कॅम्पबेल यांनी शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, 3³×5²×7 ला 7 ने भाग जातो का? अनेकांनी आधी 4725 हा गुणाकार केला आणि मग भागून पाहिलं. 7 तर समोरच लिहिलेला! माझ्या मते रोग एकच. हिशेब मोकळा ठेवायची सवय शाळेने कधी लावलीच नाही.

2005 मध्ये आलेल्या सेजसारख्या मोफत गणिती संगणकप्रणाली एका आज्ञेत उत्तर देतात; कष्ट वाचतात, अडखळण्याची जागा झाकलेलीच राहते. 2007 चं मार्शल, ओडेल, स्टारबर्ड यांचं नंबर थिअरीचं पुस्तक विद्यार्थ्यांकडूनच सिद्धता काढून घेतं. संथ, पण मला पटणारं.

खरी गंमत ‘लीलावती’त आहे. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी दिलेल्या कुट्टक या रीतीच्या वल्लीत, म्हणजे आकड्यांच्या उभ्या ओळीत, बाक्या मांडतच नाहीत. 183, 1, 1 हे भागाकार एकाखाली एक, तळाशी क्षेप (मिळवायची संख्या) 1 आणि शून्य. खालून वर गुणत-मिळवत गेलं की 1, 2, 367. भागाकारांची संख्या विषम, म्हणून 3120 मधून 367 वजा : 2753, हाच व्यस्त. असं का, हे वल्ली सांगत नाही. ते पहिल्या रीतीनेच एकदा उकलावं लागतं. पण 9 लिहिलेलाच नसल्यावर त्याचे अठरा करणार कोण?