सोळा वर्षांचा फॉलोअप

केईएम रुग्णालय आणि हृदय म्हटलं की १६ फेब्रुवारी १९६८ हा दिवस हमखास आठवला जातो. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी त्या दिवशी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण इथे केलं. रुग्ण काही तासांतच दगावला, तरी त्या धाडसाची नोंद जगाने घेतली. त्याच्या १९ वर्षं आधी याच रुग्णालयातून निघालेलं एक काम मात्र परळ-भोईवाड्यात राहणाऱ्यांनाही फारसं माहीत नाही. मला ते तितकंच मोठं वाटतं.

डॉ. रुस्तम जाल वकील यांनी इथल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्याचा अहवाल छापला. शीर्षकातच ‘क्लिनिकल ट्रायल’ हे शब्द होते. ही मुळी वैद्यांच्या जुन्या ओळखीची होती, तिच्या गोळ्या बाजारात मिळतही होत्या. वकिलांनी केलं ते एवढंच की मोजलं, लिहून ठेवलं आणि परक्या डॉक्टरांनाही पडताळता येईल अशा रीतीने मांडलं. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून अमेरिकेत सर्पगंधा वापरून पाहिली. पुढे या मुळीतून वेगळं काढलेलं रेसरपिन जगभर रक्तदाबासाठी दिलं गेलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

एक धागा भोईवाड्याहून बॉस्टनला असा गेला. आज मला सांगायची आहे ती गोष्ट बॉस्टनची आहे, पण तिची खरी गरज आज भोईवाड्यात आहे.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. आपण सरसकट ‘हृदयाला छिद्र’ म्हणतो, पण प्रकार कितीतरी आहेत. त्यातल्या एका प्रकारात हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त परत फुप्फुसातच जातं आणि शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त परत शरीरात. दोन्ही फेरे एकमेकांत जेमतेमच मिसळतात, आणि बाळ निळं पडतं. यावर शस्त्रक्रिया आहे: दोन्ही रक्तवाहिन्या कापून आपापल्या जागी शिवायच्या. पण अक्रोडाएवढ्या हृदयात हे शिवणकाम करायचं तर रक्त आड येतं. म्हणून बाळाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन खूप थंड करायचं आणि काही वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवायचं, ही एक पद्धत. दुसरी पद्धत अशी की यंत्राने रक्ताची बारीक धार चालूच ठेवायची. पहिल्या पद्धतीत सर्जनला स्वच्छ दिसतं, दुसऱ्या पद्धतीत मेंदूला थोडं का होईना रक्त मिळत राहतं. १९८०च्या दशकात दोन्ही पद्धती चालू होत्या आणि प्रत्येक सर्जनला आपली पद्धत बरोबर वाटत होती.

बॉस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. जेन न्यूबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाद मतांवर सोडला नाही, ट्रायल घेतली. १९८८ ते १९९२ या काळात १७१ बाळं तिच्यात घेतली गेली. कुठल्या बाळाला कुठली पद्धत, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं. कारण उघड आहे. सर्जनने स्वतः निवड केली, तर नकळत जास्त नाजूक बाळं एकाच बाजूला जातील आणि मग निकाल पद्धतीचा की बाळाच्या प्रकृतीचा, हे कधीच कळणार नाही.

बाळं वाचली की ट्रायल संपली, असं न्यूबर्गर यांनी मानलं नाही. त्यांचा प्रश्न मेंदूचा होता आणि बाळाच्या मेंदूचं उत्तर बाळ मोठं झाल्याशिवाय मिळत नाही. ही मुलं वर्षाची झाली तेव्हा तपासली, चार वर्षांची झाली तेव्हा तपासली, मग आठव्या वर्षी आणि मग सोळाव्या. पहिल्या वर्षी रक्ताभिसरण थांबवलेल्या गटातली मुलं हालचालींच्या चाचण्यांत मागे होती. आठव्या वर्षी चित्र गुंतागुंतीचं झालं: त्या गटात हालचाली आणि उच्चारांच्या अडचणी जास्त होत्या, तर दुसऱ्या गटात उतावळेपणा जास्त दिसला. सोळाव्या वर्षी दोन गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. समोर आलं ते वेगळंच: दोन्ही गटांतल्या अनेक मुलांना शिकण्यात, लक्ष टिकवण्यात, माणसांच्या मनातलं ओळखण्यात अडचण होती. हृदय दुरुस्त झालं म्हणजे मूल पूर्ण बरं झालं, ही समजूत त्या सोळा वर्षांनी मोडून काढली. आज अशा मुलांच्या वाढीची आणि अभ्यासाची वेगळी तपासणी करा असं जगभर सांगितलं जातं, त्यामागे हा फॉलोअप आहे.

अर्भकांच्या हृदयावर ट्रायल चालवण्याचं काम म्हणजे अर्धं आयुष्य एका प्रश्नामागे घालवायचं. आणि बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असंच येतं. हृदयात एकच काम करणारा कप्पा असलेल्या बाळांना एनालाप्रिल हे औषध दिलं जायचं, कारण मोठ्या माणसांच्या थकलेल्या हृदयाला ते लागू पडतं. २३० बाळांच्या ट्रायलमध्ये काही फायदा दिसला नाही. बाळाला यंत्रावर घेताना स्टिरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षांची. अमेरिकेतल्या २४ केंद्रांत १,२०० हून अधिक बाळांवर ती तपासली, २०२२ साली निकाल आला: ठोस फायदा सिद्ध झाला नाही, रक्तातली साखर मात्र वाढली. असे निकाल वर्तमानपत्रात येत नाहीत. पण निरुपयोगी औषध बाळाच्या अंगात जायचं थांबणं ही लहान गोष्ट नाही. लोक म्हणतात, ट्रायल म्हणजे मुलांवर प्रयोग. माझं मत उलट आहे. न तपासलेली पद्धत वर्षानुवर्षं वापरत राहणं हाच प्रयोग, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

लवकर निकाल लावण्यातही धोका असतो. एकाच कप्प्याच्या बाळांवरील पहिल्या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांत ५०० हून अधिक नवजात बाळांवर तपासले गेले. वर्षभरानंतर हृदय प्रत्यारोपणाची वेळ न येता जगलेली बाळं एका प्रकारात ७४ टक्के होती, दुसऱ्यात ६४ टक्के. तिथेच थांबले असते तर विजेता ठरला असता. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा तो फरक खात्रीने सांगण्याजोगा उरला नव्हता.

आता भोईवाडा. केईएम, वाडिया आणि टाटा ही तीन रुग्णालयं इथे चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. लहान मुलांच्या हृदयावरच्या मोठ्या, अनेक केंद्रांच्या ट्रायल मुख्यतः अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात झाल्या. आपली मुलं वेगळी आहेत: उशिरा येतात, वजन कमी असतं, मागे न्यूमोनिया होऊन गेलेला असतो. तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं लागू होईल याची खात्री कोण देणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत तपासणी होऊन मुलं शस्त्रक्रियेपर्यंत पोचू लागली. मुलांची संख्या आहे, सर्जन आहेत. अडतं ते पुढे. टाके काढून झाले की आईबाप मुलाला घेऊन एसटीने कोकणात, रेल्वेने मराठवाड्यात, कुणी थेट उत्तर प्रदेशात परततात. मूल खेळायला लागलं की मजुरी बुडवून, भाडं खर्चून मुंबईला यायचं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दरम्यान फोनचं सिम बदलतं, घर बदलतं. सोळा वर्षांचं सोडा, सोळाव्या महिन्याला मूल सापडणं कठीण.

पण अशक्य नाही, हे याच वस्तीने दाखवलंय. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांची ट्रायल चालवली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून, साध्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने गर्भाशयमुखाची तपासणी केली गेली आणि बारा वर्षांत त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तुलनेच्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल टीकाही झाली. ती करणाऱ्यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. मात्र झोपडपट्टीतला माणूस दहा-बारा वर्षं नोंदीत राहू शकतो, हे तिथे सिद्ध झालं. राहतो तो घरी येणाऱ्या, नावाने ओळखणाऱ्या बाईमुळे.

हृदयाच्या ट्रायलमध्ये ही जागा संशोधन समन्वयकाची. दुसरा नंबर शेजारच्या दुकानदाराचा लिहून घेणं, गावच्या आशाताईंचा नंबर फायलीला टाचणं, तारखेआधी आठवण करणं, गाडीभाडं हातात देणं. गंभीर काही घडलं तर २४ तासांच्या आत एथिक्स कमिटीला कळवावं लागतं, तेही याच टेबलावरून. क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींना मी सांगेन की हे काम कारकुनीचं समजू नका. न्यूबर्गरांच्या सोळा वर्षांच्या आकड्यांमागेही दर वेळी कुणीतरी केलेला फोन होता.

कुठल्याही आईवडिलांना ट्रायलबद्दल विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला: “म्हणजे माझ्या बाळाचं चिठ्ठी टाकून ठरवणार?” याचं उत्तर घाईत देऊ नये. कुठली पद्धत चांगली हे डॉक्टरांनाच खरोखर ठाऊक नसेल, तरच चिठ्ठी योग्य. एक चांगली असल्याचं ठाऊक असेल तर चिठ्ठी टाकणं अन्यायाचं. आपल्याकडे २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियम आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. लहान मुलाच्या बाबतीत संमती पालकांची. मूल सात वर्षांचं झालं की त्याचाही तोंडी होकार घ्यायचा, बारा पूर्ण झाली की लेखी. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत.

तेव्हा उद्या कुणी संमतीपत्र पुढे केलं तर ते मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक विचारा. देशातल्या ट्रायलची ही नोंदवही २००७ पासून आहे, ती कुणालाही फुकट पाहता येते. आणि शस्त्रक्रिया होऊन मूल धडधाकट धावत असेल, ट्रायलमध्ये असो वा नसो, फाइल फेकू नका, फोन नंबर बदलला तर रुग्णालयाला कळवा, आणि पुढची तारीख चुकवू नका.