लॅमिनेटच्या जमिनीवर बादली ओतू नका
लाकडासारखी दिसते म्हणून लॅमिनेटची जमीन लाकडी समजू नका. वर मेलामाइनचा पारदर्शक थर, खाली लाकडाची नक्षी छापलेला कागद आणि पोटात लाकडाचे तंतू दाबून केलेला एचडीएफ बोर्ड. वरच्या थरातून पाणी सहसा जात नाही, ते शिरतं पट्ट्यांच्या सांध्यांतून. मग कडा फुगतात, अनवाणी चालताना तिथे उंचवटा लागतो. तो घासून सपाट करायला गेलात, तर छापील कागदच निघून येतो!

म्हणून रोज कोरडा मायक्रोफायबर मॉप. पुसायचंच असेल तर फडकं घट्ट पिळून. पावसाळ्यात निथळत्या छत्र्या बाहेरच. स्टीम मॉप नकोच, जाहिरात काहीही म्हणो. मेणाचं पॉलिशही वाया जातं, आत मुरत नाही. आणि दारात जाडसर पायपुसणं हवं, चपलांतली वाळू फार ओरखडे काढते.