तांबडा दिवा काय सांगतो?

नेवासा फाट्यावर एखाद्या जुन्या जीपची किल्ली फिरवताना पाहा. बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागतो व एंजिन सुरू होताच विझतो. असे का? दिव्याचे एक टोक बॅटरीला, दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. अल्टरनेटर फिरू लागला, की दोन्ही टोकांचे विभव सुमारे १४ व्होल्ट होते. विभवांतर नाही, म्हणून प्रवाह नाही!

रात्री नगरच्या वाटेवर दिवा लागलाच, तर बॅटरीला दोष देण्याआधी एंजिन बंद करून पट्टा पाहा. तो तुटला असेल, तर गाडी तशीच दामटू नका; पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो.

आणि किल्ली फिरवूनही दिवा लागला नाही तर? आनंद मानू नका. अल्टरनेटरमधील विद्युत्‌चुंबकाला पहिला प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा गेलेला असेल, तर बॅटरी भरणेही सुरू न होण्याचा संभव असतो.