प्रबंधाचे आकडे आणि संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला

संशोधन करणारा विद्यार्थी संख्याशास्त्रज्ञाकडे जातो, तो बहुधा सर्व काही आटोपल्यानंतर. प्रश्नावल्या भरून झालेल्या असतात, मोजमापे घेऊन झालेली असतात, प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते आणि मग संगणकातील तक्ता पुढे ठेवून तो विचारतो, ‘सर, याला कोणती टेस्ट लावू?’ हा प्रश्न नवा नाही. १९३८ साली कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून सर रोनाल्ड फिशर यांनी याच सवयीवर बोट ठेवले होते. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे पुष्कळदा त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणे होय. प्रयोग कशाने दगावला एवढेच तो सांगू शकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

जिवंतपणी सल्ला घेतला तर काय घडते, हे एका काल्पनिक पण अगदी शक्य कोटीतील उदाहरणावरून पाहू. कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, समुद्राला लागून मच्छीमार नगर वसले आहे. समजा, सागरी जीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने येथील होड्यांतून उतरणाऱ्या पापलेटची लांबी मोजायचे ठरविले. पापलेटचा आकार घटतो आहे काय, हा तिचा प्रश्न. तो निव्वळ पुस्तकी नाही. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकारमानही ठरवून दिले. त्याहून लहान मासळी पकडणे आता नियमभंग ठरते. म्हणजे तिच्या प्रबंधातील सरासरी उद्या कोणाच्या तरी परवान्याशी आणि चुलीशी जाऊन भिडू शकते.

विद्यार्थिनी उत्साहाने चार होड्यांवर जाते, प्रत्येकीतून शंभर मासे मोजते आणि ‘नमुना ४००’ असे लिहून मोकळी होते. अनुभवी प्राध्यापक येथेच तिला थांबवील. एका होडीतील मासे एकाच जाळ्यातून, एकाच पाण्यातून, बहुधा एकाच थव्यातून आलेले असतात. ते परस्परांसारखे असतात. दहावा मासा जी माहिती देतो, तिच्यातील बरीचशी पहिल्या नऊ माशांनी आधीच दिलेली असते. याचा हिशेब करता येतो. एका होडीतील माशांमधील साधर्म्याचा गुणांक फार नव्हे, अवघा ०.१ धरला, तरी नमुन्याच्या रचनेमुळे विचरण १ + ९९ × ०.१, म्हणजे १०.९ पट फुगते. ४०० ला १०.९ ने भागले की उरतात सुमारे ३७. चारशे माशांवर घेतलेल्या मेहनतीचे मोल स्वतंत्रपणे निवडलेल्या सदतीस माशांएवढे! हे काम सुरू होण्याआधी कळले असते, तर तिने चाळीस होड्यांतून दहा-दहा मासे मोजले असते. मेहनत तेवढीच, पण त्याच सूत्राने नमुन्याचे मोल दोनशेच्या वर गेले असते. नंतर कळले, तर कोणतीही आज्ञावली तिच्या मदतीला धावू शकत नाही.

हा विषय आपल्याकडे परका नाही, उलट महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले आणि १९३६ मध्ये संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले. नोकरीच्या शोधात ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले, तेव्हा या विद्येचा गरीब देशाला काय उपयोग, असे पंडितजींनी विचारले आणि सुखात्म्यांपाशी त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते, अशी आठवण सांगितली जाते. पुढील सारे आयुष्य त्यांनी जणू त्या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात घालविले. भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीककापणी प्रयोगांची पद्धत बसवली. कापणीसाठी निवडलेला तुकडा फार लहान असेल, तर उत्पादनाचा अंदाज वर जातो, हे त्यांनी दाखवून दिले. कारण अगदी मानवी आहे. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा संभ्रम पडला की माणसाचा हात त्याला आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी अशी सीमेवरची रोपे प्रमाणाने अधिक. या मुद्द्यावर खुद्द प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. १९५४ साली वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक कृषी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांचा छापील शिक्षकच ठरले.

याच सुखात्मे-पानसे जोडीने शास्त्री यांच्यासह १९५८ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात भारतातील सागरी मासळीच्या अंदाजासाठी नमुना पाहणी कशी करावी, यावर लेख लिहिला. शेत निदान जागेवर असते. मासळी मात्र केव्हा, कोठे आणि किती होड्यांतून उतरेल, याचा नेम नाही. आज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ज्या पद्धतीने देशाच्या किनाऱ्यावरील मासळीचा अंदाज करते, ती या विचारसरणीचेच फळ आहे. किनाऱ्याचे विभाग पाडायचे, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे गट करायचे, त्यांतून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने दिवस आणि बंदर निवडायचे. निवडलेल्या बंदरावर पाहणी करणारा पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा हजर राहतो. मधल्या रात्रीची मासळी चौकशी करून नोंदवतो. होड्या पंधरापर्यंत असतील तर सर्व पाहायच्या, वाढत गेल्या तर दोनांतील एक, तिनांतील एक, आणि पन्नासच्या वर गेल्यास पाचांतील एक. मासळीचे वजनही बहुधा पाट्या मोजूनच काढले जाते. ‘आज बंदरावर बरीच गर्दी दिसते, तेव्हा आजच मोजू’ ही मुभा पाहणी करणाऱ्याला नाही, आणि या पद्धतीचे खरे बळ तेथेच आहे.

आमच्या विद्यार्थिनीला यातून पुढचा धडा मिळतो. ती सकाळीच जात असेल, तर रात्री लागणाऱ्या होड्या तिच्या नमुन्यात कधीच येणार नाहीत. मोठे पापलेट व्यापाऱ्याकडे आधीच रवाना झाले असेल, तर उरलेल्या पाट्यांतील मासे लहानच दिसणार. मग ‘आकार घटला’ हा निष्कर्ष समुद्राविषयी नसून तिच्या घड्याळाविषयी असेल.

सरासरीचा प्रश्नही असाच फसवा. समजा, दहा होड्यांची मासळी ८, ९, ९, १०, १०, ११, १२, १२, १४ आणि २०५ किलो आहे. सरासरी येते ३० किलो. मध्यक येतो साडेदहा किलो. दहांपैकी नऊ नाखव्यांनी तीस किलो मासळी पाहिलेलीच नाही. मग सरासरी खोटी काय? नाही. बंदरावर एकूण किती मासळी उतरली हे काढायचे असेल, तर सरासरीला होड्यांच्या संख्येने गुणावे लागते. तेथे मध्यक कुचकामी. पण सामान्य नाखव्याच्या पदरात काय पडले, हे विचारायचे असेल, तर मध्यकच खरे बोलतो. कोणता आकडा घ्यायचा हे आज्ञावली ठरवीत नाही, प्रश्न ठरवितो. आणि ज्या होड्या डिझेलचा खर्च परवडत नाही म्हणून निघाल्याच नाहीत, त्या या दोन्ही आकड्यांत नाहीत, हेही कोणी तरी विद्यार्थिनीच्या ध्यानात आणून द्यावे लागते.

वर्गात साठ मुलांपुढे सूत्रे शिकविता येतात. हे असे प्रश्न मात्र समोरासमोर बसूनच विचारले जातात. वैयक्तिक मार्गदर्शनाची खरी उपयुक्तता यातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चांगला सल्लागार पहिल्या भेटीत संगणक उघडत नाही. तो विचारतो: कशाविषयी बोलायचे आहे, एका माशाविषयी, एका होडीविषयी की साऱ्या किनाऱ्याविषयी? निवड कोणी केली? जे आले नाही ते का आले नाही? मग माहिती गोळा होण्यापूर्वीच तो प्रबंधातील तक्ते रिकामे आखून आणायला सांगतो. जो रकाना कसा भरणार हे सांगता येत नाही, त्याची मोजणी करण्यात अर्थ नसतो. वीसेक नोंदींवर हाताने गणित करून घेणारे शिक्षक आता विरळ झाले असले, तरी पी-मूल्य म्हणजे काय हे त्यांच्याच विद्यार्थ्यांना सांगता येते. ते मूल्य म्हणजे आपले गृहीतक खरे असण्याची संभाव्यता नव्हे, हे अमेरिकन संख्याशास्त्रीय संघटनेला २०१६ साली जाहीर निवेदन काढून सांगावे लागले, यावरून गैरसमजाची व्याप्ती कळावी.

या मार्गदर्शनाच्या शेजारीच दुसरा एक व्यवसायही फोफावला आहे. ठरलेली रक्कम घेऊन संपूर्ण ‘विश्लेषणाचे प्रकरण’ लिहून देण्याचा. दोहोंतील सीमारेषा ओळखणे फारसे कठीण नाही. मौखिक परीक्षेत ‘हीच कसोटी का?’ असे विचारल्यावर विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत उत्तर देऊ शकला, तर ते शिक्षण होते; नाही तर ती खरेदी होती. सल्लागाराच्या साह्याचा उल्लेख ऋणनिर्देशात उघडपणे असावा, आणि त्याने संशोधनाची आखणीच केली असेल, तर शोधनिबंधावर सहलेखक म्हणून त्याचे नाव असण्यातही संकोच नको. खटकतो तो लपवालपवीचा व्यवहार.

आकड्यांची गरज विद्यापीठांनाच असते असेही नाही. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीच्या मच्छीमारांनी पुलाच्या खांबांमधील अंतरासाठी लढा दिला आणि ते ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतले. अंतर मोजपट्टीने मोजता येते. पण एखाद्या प्रकल्पामुळे मासळी किती घटली, हे सिद्ध करायचे तर प्रकल्पापूर्वीची नोंद हाताशी लागते, आणि ती मागाहून तयार करता येत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांकडे होड्यांच्या याद्या आणि डिझेलच्या नोंदी असतात; नमुना निवडण्यासाठी याहून चांगली यादी बाहेरच्या संशोधकाला मिळणे कठीण. त्या यादीतून दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून आठ-दहा होड्या निवडल्या आणि त्यांच्या पाट्या, समुद्रात घालविलेले तास व न निघालेले दिवस एका वहीत टिपले, तर वस्तीतील बारावी झालेली मुलेही हे काम करू शकतील. त्यांना आरंभी हवा असेल तो एखादा निवृत्त प्राध्यापक, आठवड्यातील दोन तास देणारा.